तारामती कोण करणार?

मागच्या गॅदरिंगला आमच्या एकांकिकेत आईचं काम कोणी केलं होतं, आठवतंय? मेकॅनिकलच्या एका मुलाने! दोनदा दाढी घोटून, नऊवारी नेसून बिचारा स्टेजवर आला आणि मागच्या रांगांतून शिट्ट्या सुरू झाल्या. आई मरते तो सीन होता आणि अख्खं ऑडिटोरियम पोट धरून हसत होतं.

ती आई खरं तर मी करणार होते. संवादही पाठ झाले होते. पण तालमी रात्री साडेनऊपर्यंत चालणार हे कळल्यावर रोह्याहून बाबांचा फोन आला. "तुला इंजिनिअर व्हायला पाठवलंय, नाटकं करायला नाही." विषय संपला.

सुट्टीत रोहा-दिवा गाडीने पेणला आजीकडे गेले आणि तिच्यापाशी रडगाणं गायलं. आजी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुला तुझी सिनेमाची इंग्लिश पुस्तकं माहीत. आपल्या बायांचं काही वाचलंस का?" खरं सांगायचं तर नव्हतं वाचलं. मी कॉन्व्हेंटची. बेटी डेव्हिस मला ठाऊक, दुर्गा खोटे म्हणजे 'बॉबी'मधल्या म्हाताऱ्या मिसेस ब्रगॅन्झा, एवढंच! मग त्या सुट्टीत आजीच्या कपाटातली पुस्तकं वाचून काढली. त्यातलं थोडं तुमच्यासाठी. (शुद्धलेखन रूममेटने तपासलंय, चुका राहिल्या तर तिच्या!)

सुरुवात १९१३ पासून करू. दादासाहेब फाळके 'राजा हरिश्चंद्र' काढत होते आणि त्यांना तारामती मिळेना. चांगल्या घरातल्या बायका सोडाच, नाचगाण्यावर पोट भरणाऱ्या बायकाही कॅमेऱ्यासमोर यायला तयार नव्हत्या. शेवटी एका खाणावळीत स्वयंपाकी असलेल्या अण्णा साळुंके यांना त्यांनी तारामती केलं. पुढे १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता, दोन्ही भूमिका केल्या. म्हणजे आमच्या मेकॅनिकलच्या मुलाची परंपरा मोठी आहे म्हणायची!

पण त्याच १९१३ साली फाळक्यांच्या दुसऱ्या चित्रपटात, 'मोहिनी भस्मासुर'मध्ये, दोन स्त्रिया पडद्यावर आल्या. दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला, म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले. आई पार्वती, मुलगी मोहिनी. नट विक्रम गोखले या कमलाबाईंचे नातू.

आणि तारामती? १९३२ मध्ये ती एका बाईने केली. प्रभातचा 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट. दिग्दर्शक व्ही. शांताराम, हरिश्चंद्र गोविंदराव टेंबे आणि तारामती दुर्गा खोटे. एकच भूमिका, मध्ये एकोणीस वर्षं.

दुर्गाबाई मुंबईच्या सुखवस्तू लाड कुटुंबातल्या. जन्म १९०५ चा. शाळा कॅथेड्रल, म्हणजे आमच्यासारख्याच इंग्लिश मीडियमच्या! लवकर लग्न झालं, दोन मुलं झाली आणि विशी सरते न सरते तोच वैधव्य आलं. स्वतःच्या पायावर उभं राहायचं म्हणून त्यांनी सिनेमा धरला. पहिल्या 'फरेबी जाल'मधलं काम अगदी छोटं, पण घरंदाज बाई सिनेमात गेली म्हणून लोकांनी बोलायचं ते बोलून घेतलंच. दुर्गाबाई थांबल्या नाहीत. १९३६ च्या 'अमर ज्योती'मध्ये त्या समुद्रावरच्या चाच्यांची राणी झाल्या. १९३७ मध्ये 'साथी' हा चित्रपट त्यांनी स्वतः काढला आणि दिग्दर्शितही केला. 'मुघल-ए-आझम'मधली जोधाबाई त्यांचीच. १९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. ज्या फाळक्यांना तारामती मिळत नव्हती त्यांच्याच नावाचा पुरस्कार तारामतीला! आणि आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे उत्तरायुष्यात त्या आपल्या रायगड जिल्ह्यात, अलिबागला राहायला आल्या. पेणहून वडखळमार्गे एसटीने जातो तेच अलिबाग.

आता थोडी तांत्रिक माहिती. (इंजिनिअरिंगचं मासिक आहे ना!) त्या काळात सिनेमा कंपनीत चालायचा, कारखान्यासारखा. नट-नट्या महिना पगारावर, करारावर. कंपनी सांगेल ते काम करायचं, बाहेर करायचं नाही. हॉलीवूडमध्येही हेच. बेटी डेव्हिसने १९३६ मध्ये वॉर्नर ब्रदर्सचा करार मोडायचा प्रयत्न केला. लंडनच्या कोर्टात खटला उभा राहिला आणि ती हरली. पुढे ऑलिव्हिया डी हॅविलंड त्याच कंपनीविरुद्ध लढली. नटीने काम नाकारलं की कंपनी तिला बिनपगारी बसवायची आणि ते दिवस कराराच्या शेवटी जोडायची. थोडक्यात, करार कधी संपायचाच नाही! १९४४ मध्ये कोर्टाने निकाल दिला की सात वर्षं म्हणजे कॅलेंडरची सात वर्षं. आजही तिकडे हा नियम तिच्या नावाने ओळखतात.

आपल्याकडे दुर्गाबाईंनी एकाच कंपनीला बांधून न घेता कोल्हापूर, कलकत्ता, मुंबई असं फिरून काम केलं. आणि शांता आपटे? त्या तर १९३९ मध्ये पुण्याला प्रभातच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या! पुढच्याच वर्षी त्यांनी 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक लिहिलं. 'कुंकू'मध्ये (१९३७) म्हाताऱ्याशी लावून दिलेलं लग्न मनाने न स्वीकारणारी नीरा त्यांनीच केली. त्याच्या हिंदी आवृत्तीत, 'दुनिया न माने'मध्ये, त्या लाँगफेलोची इंग्लिश कविता गातात. ती आम्ही शाळेत पाठ केली होती! आजीबरोबर ते गाणं ऐकताना अंगावर काटा आला.

सगळ्यांचं भलं झालं असं मात्र नाही. ललिता पवार एके काळच्या नायिका. १९४२ मध्ये एका शूटिंगच्या वेळी सहकलाकाराची थप्पड जोरात बसली आणि डावा डोळा कायमचा अधू झाला. उपचारांत तीन वर्षं गेली, नायिकेची कामं संपली. मग त्याच डोळ्याने त्यांनी पिढ्यान् पिढ्या प्रेक्षकांना घाबरवलं. 'अनाडी'मध्ये रडवलं, 'रामायण' मालिकेत मंथरा होऊन शिव्याही खाल्ल्या. हंसा वाडकर 'रामजोशी' आणि 'सांगत्ये ऐका'मुळे घराघरांत पोचल्या, पण घरातलं सुख काही लाभलं नाही. त्यांनी आत्मकथेत काहीच झाकून ठेवलं नाही. त्यावरून श्याम बेनेगलांनी १९७७ मध्ये 'भूमिका' काढला आणि स्मिता पाटीलला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

'सांगत्ये ऐका' आजीने लहानपणी रोह्याला तंबूत पाहिला होता. मी विचारलं, "आजी, तुला कधी वाटलं नाही का गं, आपणही काम करावं?" निवडलेले तांदूळ डब्यात ओतत ती म्हणाली, "आम्हाला बघायची परवानगी होती, तीच खूप होती." त्यानंतर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग स्वतःच फोन उचलून तिने बाबांना लावला.

बाबा आठवड्याने बोलले. नाही म्हणाले नाहीत. एवढंच विचारलं, "तालीम संपल्यावर हॉस्टेलपर्यंत सोडायला कोण असतं?" प्रश्न बरोबर आहे आणि माझ्याकडे उत्तर नाही. म्हणून हा लेख. सरांना, मॅडमना आणि रेक्टरना नम्र विनंती: यंदा तालमी लेक्चर संपल्यावर पाच ते आठ ठेवता येतील का? हॉस्टेलच्या हजेरीच्या आत आम्ही परत येऊ. माझ्या विंगमध्ये आणखी चौघीजणी तयार आहेत, नावं नोटीस बोर्डावर लावली की कळतीलच.

आणि मेकॅनिकलच्या त्या मित्राला सांगायचंय, तू छान काम केलं होतंस. लोक हसले यात तुझा काही दोष नव्हता. यंदा बापाचं काम तू कर. आईचं मी बघते!