कानालाही भिंत असते

‘भिंतीलाही कान असतात’ असे आपण नेहमी म्हणतो. पण कानालाही भिंत असते, हे तुम्हांला ठाऊक आहे का? ही भिंत हाडाची असते. ती शाबूत असते तोवर तिची आठवणही होत नाही. तिला भगदाड पडले, तर मात्र माणसाला स्वतःच्याच रक्ताचा आवाज ऐकू येऊ लागतो. गेली चार वर्षे मी हा आवाज ऐकते आहे. म्हणूनच आज त्याविषयी लिहायला बसले.

आधी कानामागे बोट फिरवून पाहा. एक टणक उंचवटा हाताला लागेल. हा शंखास्थीचा भाग. बाहेरून तो भरीव वाटतो, पण आत मधाच्या पोळ्यासारख्या हवेच्या लहान लहान पोकळ्या असतात. या पोकळ्यांतील हवा मध्यकर्णातील हवेशी जोडलेली असते. याच हाडाला आतून चिकटून एक रुंद नीला नागमोडी वळणाने खाली उतरते. तिला ‘सिग्मॉइड सायनस’ म्हणतात. सर्दीत ठणकणारे नाकाजवळचे सायनस वेगळे बरे का! त्या हवेच्या पोकळ्या, तर ही रक्ताची वाट. मोठ्या माणसाच्या मेंदूला दर मिनिटाला सुमारे ७०० ते ७५० मिलिलिटर रक्त मिळते. त्यातील बरेचसे रक्त डाव्या आणि उजव्या अशा दोन सिग्मॉइड नीलांमधून मानेकडे परत जाते.

कानाच्या इतक्या जवळून एवढे रक्त वाहत असूनही आपल्याला त्याचा खळखळाट का ऐकू येत नाही? याची मुख्य कारणे दोन. पहिले कारण प्रवाहाचे. १८८३ साली ऑस्बर्न रेनल्ड्स या शास्त्रज्ञाने काचेच्या नळीतून वाहणाऱ्या पाण्यात रंगाची बारीक धार सोडली. वेग कमी असताना ती धार सरळ रेघेसारखी राहिली. वेग एका मर्यादेपलीकडे जाताच ती विस्कटली आणि पाण्यात भोवरे उठले. सरळ प्रवाह शांत असतो, तर भोवऱ्यांचा प्रवाह आवाज करतो. बागेतील पाण्याची नळी बोटाने दाबली, की फुसफुस सुरू होते ती यामुळेच.

दुसरे कारण भिंतीचे. तबल्याच्या पुडीवर टिचकी मारा आणि मग तशीच टिचकी टेबलाच्या जाड फळीवर मारा. ताणलेले कातडे सहज थरथरते, ताठ फळी फारशी थरथरत नाही. नीला आणि हवेच्या पोकळ्या यांच्यामधला हाडाचा पातळ पापुद्रा फळीचे काम करतो. काही जणांत हा पापुद्रा फार झिजलेला असतो किंवा त्याला चक्क भोक असते. मग नीलेची मऊ भिंत पुडीसारखी उघडी पडते. कधी कधी ती त्या भोकातून फुग्यासारखी बाहेर येते आणि तिच्या पोटात रक्ताचे भोवरे फिरू लागतात. तिची थरथर पोकळ्यांतील हवेला मिळते आणि तेथून मध्यकर्णात पोहोचते.

पण नीलेतील आवाज नाडीच्या तालावर का पडतो? कवटी ही बंद पेटी आहे. प्रत्येक ठोक्याला मेंदूतील रोहिण्या किंचित फुगतात, त्यांचा दाब भोवतालच्या द्रवावर आणि नीलांवर येतो, आणि नीलेतील प्रवाहही हिंदकळतो.

माझी गोष्ट सांगते. एका रात्री मी पेपर तपासत होते. वीज गेली, पंखा थांबला, आणि उजव्या कानात ‘हूश... हूश...’ असा आवाज ऐकू आला. मला वाटले, शेजारी कसले तरी यंत्र चालू आहे. खिडकी लावली तरी आवाज तसाच. तेव्हा मनगटावर बोटे ठेवली. मिनिटाला नाडीचे ठोके ७२, आवाजही ७२. दोन जिने चढून आले आणि पुन्हा मोजले. दोन्ही ९६! यंत्र माझ्याच डोक्यात होते.

घरच्यांना तो आवाज ऐकू येत नव्हता. ‘दमली आहेस, झोप’ असा सल्ला मिळाला. पुढे कानाच्या डॉक्टरांनी मानेतील नीलेवर बोटाने हलकासा दाब दिला, तसा आवाज थांबला. (हा प्रयोग तुम्ही स्वतः करू नका. मान दाबणे धोक्याचे असते.) रक्तक्षय किंवा थायरॉइडचा विकार असला, तरी रक्तप्रवाहाचा वेग वाढून असा आवाज येऊ शकतो. म्हणून रक्त तपासले. कवटीतील दाब वाढलेला असेल, तर त्याच्या खुणा डोळ्यांच्या पडद्यावर दिसतात. म्हणून डोळेही तपासले. शेवटी सीटी स्कॅनमध्ये पापुद्र्यातील भोक दिसले. नुसते भोक दिसले म्हणजे झाले असे मात्र नाही. असे भोक असूनही काहीच ऐकू न येणारी माणसे असतात.

ही भिंत शस्त्रक्रियेने लिंपता येते. हाडाचा चुरा किंवा खास सिमेंट भोकावर बसवतात. पुष्कळांना त्याने आराम पडतो. पण नीलेत रक्ताची गुठळी होण्याचा धोकाही असतो. ज्यांची झोप आणि कामधाम आवाजाने बुडते, त्यांनी तो पत्करणे योग्य ठरू शकते. माझ्या इतर तपासण्या ठीक निघाल्या, म्हणून मी तूर्त थांबले आहे. रात्री पंखा हवाच. थंडीतही तो भिंतीकडे तोंड करून चालू असतो. त्याच्या घरघरीत माझी हूश हूश बुडून जाते. परीक्षेच्या शांत वर्गात मात्र ती परत येते. तेव्हा मी उजवीकडे मान वळवते. नीलेवर थोडा ताण येतो आणि आवाज मंदावतो.

तेव्हा मित्रांनो, आणि शिक्षकहो, वर्गातील एखादी मुलगी ‘माझ्या कानात ठोके पडतात’ म्हणाली, तर हसू नका. तिच्या हाती घड्याळ द्या आणि ऐकू येणारे ठोके मोजायला सांगा. त्याच वेळी तुम्ही तिची नाडी मोजा. आकडे जुळले, तर तिला कानाच्या डॉक्टरांकडे पाठवा. न जुळले, तरी पाठवाच. आपल्याला ऐकू येत नाही, एवढ्यावरून तिचा आवाज खोटा ठरत नाही.