शार्कची तरुणास्थि आणि अर्बुद : सत्त्व, चूर्ण व पुरावा

अर्बुदग्रस्त रुग्णाचे आप्त शार्कच्या तरुणास्थीच्या कॅप्सूल घेऊन येतात आणि "याने गाठ जिरेल का?" असे विचारतात. औषधविक्रेत्या बंधूंनाही हा प्रश्न नवा नाही. म्हणून या द्रव्यामागील शास्त्र पाहू.

अर्बुदाची वाढ नव्या रक्तवाहिन्यांवर अवलंबून असते, असा सिद्धान्त डॉ. ज्यूडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडला. तरुणास्थीत रक्तवाहिन्या नसतात. तेव्हा त्यांना रोखणारे द्रव्य तिच्यातच असावे, असा तर्क पुढे आला. शार्कचा सर्व सांगाडा तरुणास्थीचाच असल्याने कच्चे द्रव्य विपुल मिळते. १९८३ मध्ये अ‍ॅन ली व रॉबर्ट लँगर यांनी ही तरुणास्थि ग्वानिडिनच्या द्रावणात ठेवून तिचा अर्क काढला. सशाच्या कृष्णमंडलात अर्बुदाजवळ हा अर्क ठेवला असता नव्या रक्तवाहिन्यांची वाढ रोखली गेली.

तथापि गुळवेलीचे चूर्ण आणि गुळवेलसत्त्व एक नव्हे, हे आपण जाणतोच. कॅप्सूलमध्ये बहुधा सुकवून दळलेली तरुणास्थि असते. शिवाय अर्क व्याधिस्थानी ठेवणे निराळे आणि मुखावाटे देणे निराळे. पचनात प्रथिनांचे विघटन होते. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ६० रुग्णांना प्रतिकिलो वजनास रोज १ ग्रॅम चूर्ण दिले गेले. एकाचीही गाठ पूर्णतः वा अंशतः ओसरली नाही. काहींना मळमळ, वांती व मलावष्टंभ मात्र झाला. पुढे एई-९४१ हा द्रवरूप अर्क फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ३७९ रुग्णांवरील चाचणीत तपासला गेला. २०१० च्या निष्कर्षानुसार मध्यक आयुर्मान अर्क घेणाऱ्यांत १४.४ महिने, तर न घेणाऱ्यांत १५.६ महिने होते. हा फरक सांख्यिकीदृष्ट्या नगण्य ठरला. 'शार्कला कर्करोग होत नाही' ही समजूतही खोटी आहे. त्याच्यातील अर्बुदांची नोंद झालेली आहे.

मूळ सिद्धान्त मात्र फोल ठरला नाही. रक्तवाहिन्यांची वाढ रोखणाऱ्या बेव्हासिझुमॅब या औषधास अमेरिकेत २००४ मध्ये मान्यता मिळाली. ते शिरेवाटे देतात.

चरकसंहितेत अस्थिधातूच्या वृद्धीसाठी तरुणास्थि सांगितली आहे. तो आधार अर्बुदचिकित्सेसाठी पुढे करणे शास्त्रसंमत नव्हे. आमची व्यवसायबंधूंना विनंती आहे की, अशा रुग्णास 'अपाय तर नाही ना' म्हणून ही कॅप्सूल देऊ नये. त्याचा पैसा व त्याहून मोलाचा काळ वाया जातो. त्यास वेळीच कर्करोगतज्ज्ञाकडे पाठवावे आणि आपली चिकित्सा त्यांच्या माहितीनेच करावी.