व्हीएममधल्या रॉमवर लिहायला गेलं तर?

खऱ्या मदरबोर्डवर रॉमच्या पत्त्यावर काही लिहिलं तरी आतला डेटा बदलत नाही. पण व्हर्च्युअल मशीनमधली (व्हीएम) रॉम म्हणजे होस्टची, म्हणजे खऱ्या संगणकाची, साधी रॅमच. मग तिला राखतं कोण?

व्हीएम चालवणाऱ्या लिनक्सच्या केव्हीएममध्ये 2012 पासून मेमरीच्या एखाद्या तुकड्याला 'रीड-ओन्ली' ठरवता येतं. गेस्ट, म्हणजे व्हीएममधली सिस्टीम, तिथून थेट, पूर्ण वेगाने वाचते. लिहायला गेली, की प्रोसेसर तिला अडवतो आणि केव्हीएम ते लिखाण एमएमआयओ (उपकरणाशी मेमरीच्या पत्त्यांवरून होणारा व्यवहार) म्हणून आभासी उपकरणं सांभाळणाऱ्या क्यूईएमयू या प्रोग्रामकडे सोपवतो.

साधी रॉम असेल तर क्यूईएमयू लिखाण चक्क सोडून देतो. गेस्टला एररही दिसत नाही. खरी गंमत फ्लॅश चिपची! तिथे 'लिहिणं' म्हणजे चिपला दिलेली आज्ञा: पूस, लिही, स्थिती सांग. आज्ञा आली की काही काळ वाचनही क्यूईएमयूमार्फत होतं, कारण उत्तरात डेटा नाही, चिपची स्थिती द्यायची असते. चिप पुन्हा वाचनाच्या मोडमध्ये आली, की थेट वाचन सुरू.

व्हीएममध्ये यूईएफआय फर्मवेअरच्या बूट सेटिंग्ज रीस्टार्टनंतरही टिकतात, त्या अशाच आभासी फ्लॅशमुळे. पुढच्या वेळी बूट ऑर्डर बदलाल तेव्हा हा सगळा खटाटोप आठवा!