डोळ्यांवर हेडसेट, मग हसू दिसणार कुठं?

बोर्डीपासून तलासरीपर्यंतच्या पाड्यांवर वारली लग्नघराच्या भिंतीवर सवाशिणी चौक लिहितात. गेरूनं सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाच्या रेघा, मधोमध पालघाट देवी आणि आसपास माणसंच माणसं. त्यांचं धड म्हणजे टोकाला टोक भिडवलेले दोन त्रिकोण, डोकं म्हणजे एक गोल. नाक-डोळे-ओठ बहुधा नाहीतच. तरी मुसळ उचललेल्या बाईच्या अंगातला जोर वरच्या त्रिकोणाच्या कलावरून कळतो आणि तारपा वाजवणारा रंगात आलाय हे त्याच्या वाकलेल्या गुडघ्यांतून. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रं कागदावर आणि कापडावर उतरवून जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीत, म्हणजे व्हीआरमध्ये, माणसाचा चेहरा कसा दाखवायचा यावर गेली दहा वर्षं जगभरातले अभियंते डोकं लढवताहेत. त्यांनी हा चौक एकदा शांतपणे बघावा, असं मला मनापासून वाटतं.

अडचण साधी आहे. हेडसेट घातलेली दोन माणसं आभासी खोलीत भेटतात तेव्हा प्रत्येकाला समोर दिसतो तो दुसऱ्याचा संगणकानं घडवलेला अवतार. या अवतारानं हसावं, तर खरा माणूस हसतोय हे यंत्राला कळायला हवं. पण त्याच्या चेहऱ्याचा वरचा अर्धा भाग हेडसेटखाली झाकलेला! आणि नेमकं तिथंच सगळं घडतं. फ्रेंच वैद्य द्युशेन यांनी १८६२ साली दाखवून दिलं, की गालाचा स्नायू ओठांची टोकं वर खेचतो ते हसू हवं तेव्हा आणता येतं. मनापासून आलेल्या हसण्यात डोळ्यांभोवतीचा स्नायूही आवळतो. आपल्याकडे भरताच्या नाट्यशास्त्रात त्याच्या किती तरी आधी ३६ दृष्टी, भुवयांच्या ७ हालचाली आणि ओठांच्या ६ हालचाली मोजून ठेवल्या आहेत. १९७८ मध्ये पॉल एकमन आणि वॉलेस फ्रिझेन यांनी चेहऱ्याच्या एकेका हालचालीला क्रमांक दिला आणि ही मोजणी संगणकाच्या कामी आली.

झाकलेला चेहरा टिपायचे मार्गही बरेच निघाले. २०१५ साली हाओ ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेडसेटच्या कपाळाला टेकणाऱ्या फोममध्येच ताण मोजणाऱ्या पट्ट्या बसवल्या. भुवई उचलली की पट्टी किंचित वाकते, त्यावरून हालचाल ओळखायची. २०२२ च्या मेटा क्वेस्ट प्रोमध्ये डोळ्यांकडे आणि चेहऱ्याकडे रोखलेले इन्फ्रारेड कॅमेरे आले. अ‍ॅपलचं व्हिजन प्रो २०२४ मध्ये विक्रीला आलं. त्यात आधी आपला चेहरा स्कॅन करून घ्यायचा, मग त्या प्रतिमेला आतले कॅमेरे हलवत राहतात. स्वस्त हेडसेटमध्ये यातलं काहीच नसतं. तिथं सॉफ्टवेअर आवाजावरून ओठांचा अंदाज बांधतं आणि पापण्याही स्वतःच्याच हिशेबानं मिटवतं.

या अंदाजपंचे कारभाराची मला काळजी वाटते. पापणी लवायला सेकंदाचा एक ते चार दशांश वेळ पुरतो. तेवढ्यात काही चुकलं, किंवा माणूस गप्प असताना अवतार उगाच हसला, तर समोरचा बिचकतो. जपानी संशोधक मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्येच सांगितलं होतं, की हुबेहूब माणसासारखं दिसणारं पण किंचित फसलेलं रूप बघून आपल्याला शिसारी येते. कोऱ्या गोलाबाबत असं काही होत नाही.

कोऱ्या गोलाच्या बाजूनं विज्ञानही उभं आहे. स्वीडनच्या गुन्नार योहान्सन यांनी माणसाच्या सांध्यांवर दहा-बारा दिवे लावून अंधारात त्याचं चित्रण केलं आणि १९७३ मध्ये ते प्रयोग प्रसिद्ध केले. दिसत होते फक्त हलणारे ठिपके, तरी बघणाऱ्यांनी चालणारा माणूस चटकन ओळखला. त्याहून बोलका प्रयोग २०१२ चा, हिलेल अवीझर आणि सहकाऱ्यांचा. महत्त्वाचा गुण जिंकलेल्या आणि गमावलेल्या टेनिसपटूंची छायाचित्रं त्यांनी लोकांना दाखवली. नुसता चेहरा बघून जिंकला की हरला हे लोकांना सांगता येईना. नुसतं शरीर बघून मात्र सांगता आलं. पूर्ण छायाचित्र बघणाऱ्यांना तर आपण चेहऱ्यावरूनच ओळखलं असं वाटत होतं! म्हणून अवताराचे खांदे, पाठ, मान, हात आधी अचूक हलू द्यावेत आणि चेहऱ्यावर खर्च त्यानंतर करावा, असं माझं मत आहे.

नुसत्या शरीरावर भागत नाही अशी जागाही आहे, ती म्हणजे शाळेचा वर्ग. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघ यांना सोबत घेऊन बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढं ते कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये रुजवलं. घरी वारली बोलणाऱ्या लहानग्याला बाईंचं पुस्तकी मराठी समजलं की नाही, हे त्याच्या खांद्यांवरून कळायचं नाही. ते कपाळावर बारीकशी आठी पडते तिथं, किंवा नजर क्षणभर शेजारच्याकडे वळते तिथं कळतं. व्हीआरमधून शिकवायचं असेल तर ती आठी आणि ती नजर बाईंपर्यंत जशीच्या तशी पोचली पाहिजे. सॉफ्टवेअरनं मधल्यामध्ये हसरा चेहरा चिकटवला, तर मूल गोंधळलंय हे बाईंना कळणारच नाही.

पण मुलाच्या भुवया टिपायच्या म्हणजे त्याच्या चेहऱ्याची नोंद ठेवणंही आलं. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायला पालकांची पडताळता येणारी संमती लागते आणि मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायला मनाई आहे. क्वेस्ट प्रोच्या कॅमेऱ्यांनी टिपलेली चित्रं हेडसेटमध्येच तपासून पुसली जातात, असं मेटा कंपनी सांगते. मात्र त्या चित्रांवरून काढलेले आकडे, म्हणजे भुवई किती उचलली, ओठ किती ताणले, वापरणाऱ्यानं परवानगी दिली की इतर अ‍ॅपना मिळतात. शाळेसाठी हेडसेट घेताना किमतीच्या आधी या आकड्यांबद्दल विचारायला हवं: ते कुठं जातात, किती दिवस राहतात, आणि पाड्यावरच्या आईबापांना हे त्यांच्या बोलीत कोण समजावून सांगणार?