अवजारांचे विज्ञान : जड रंध्याची किमया

रत्नागिरीच्या दमट पावसाळ्यात लाकडाचे तंतू हवेतील बाष्प शोषून आडवे फुगतात, त्यामुळे दारे चौकटीत अडकतात आणि सुताराला त्यांच्या कडांवर रंधा मारावा लागतो. फणसासारख्या लाकडात मात्र तंतू उलटसुलट गुंतलेले असल्याने, मांजराच्या पाठीवर उलटा हात फिरवताच केस उभे राहावेत तसे ते हलक्या रंध्याने उचकटतात. १९व्या शतकात ब्रिटनमध्ये रूढ झालेल्या, धातूच्या पेटीत लाकूड ठासून बसवलेल्या रंध्यात वजनामुळे पात्याची थरथर कमी होते आणि पात्यापुढील अरुंद फटीची कड तंतूंना ऐन कापले जाईपर्यंत दाबून धरते. असा रंधा सुट्या भागांच्या संचातून जुळवताना आतले लाकूड चांगले मुरलेले असावे, कारण ते नंतर आकसल्यास पात्याचा आधारच सैल होतो.