वाडा तोच, पाया नवा!

दोस्तांनो, बेंबळीत बसून तुम्ही मोबाइलवर एखादं संकेतस्थळ उघडता, तेव्हा ते पान येतं कुठून? आभाळातून? छे! दूर कुठंतरी रात्रंदिवस चालू असलेला एक संगणक ते तुमच्याकडे पाठवतो. त्याला म्हणतात सर्व्हर.

असंख्य सर्व्हर 'लिनक्स' या प्रणालीवर चालतात. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सनं १९९१ साली ती लिहायला घेतली, तेव्हा तो अवघा २१ वर्षांचा होता! आपल्या पुण्यात सी-डॅकचा 'परम सिद्धी' महासंगणक आहे ना, तोही लिनक्सवरच चालतो.

आता सर्व्हर म्हणजे एक मोठा वाडा समजा. त्यात शंभर बिऱ्हाडं, म्हणजे शंभर संकेतस्थळं. लिनक्स हा वाड्याचा पाया. आणि कारभारी? तो म्हणजे कंट्रोल पॅनल. नवं बिऱ्हाड आलं, कुणाला टपालपेटी हवी, कुणाची किल्ली हरवली, सगळं हाच बघतो. लिनक्सच्या लांबलचक आज्ञा टाइप करण्याऐवजी बटणं दाबली की काम झालं. १९९६ साली निघालेलं 'सीपॅनल' हा असाच एक नामांकित कारभारी.

पण पायाही जुना होतो बरं का! 'सेंटओएस ७' ही लिनक्सची आवृत्ती २०१४मध्ये आली. ३० जून २०२४ रोजी तिची देखभाल थांबली. मग त्या दिवशी सर्व्हर बंद पडले का? मुळीच नाही! धोका नेमका इथंच असतो. वरून सगळं ठीक दिसतं, पण नवी फट सापडली तर ती बुजवायला कोणी येत नाही. चोरांना मात्र तिचा पत्ता लागतो. मग लोकांची पत्रं, परवलीचे शब्द, सगळंच उघड्यावर!

मग बदला की पाया! पण थांबा. कारभाऱ्याला जुन्या वाड्याची सवय झालेली असते. कुठली वस्तू कुठं, हे त्याला तिथलंच ठाऊक. त्याला न विचारता पाया बदलला, तर कारभार कोलमडतो. उलट, सीपॅनलची ११० क्रमांकाची आवृत्ती ही सेंटओएस ७वर चालणारी शेवटची. म्हणजे पाया जुना ठेवून नुसता कारभारीही नवा करता येत नाही. दोघांना बरोबरच पुढं न्यावं लागतं.

त्याचे दोन मार्ग आहेत. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर आपल्या भागात काय झालं, ते आजी-आजोबांना विचारा. काही गावं नव्या जागी वसवली, तर काही ठिकाणी जुनीच घरं दुरुस्त करून मजबूत केली. इथंही तसंच. एक तर नवा सर्व्हर घ्यायचा, त्यावर नवी प्रणाली आणि नवं पॅनल बसवायचं, सगळी बिऱ्हाडं तिकडं हलवायची, नीट तपासायचं आणि मगच लोकांना नवा पत्ता द्यायचा.

नाहीतर जागच्या जागी बदल. त्यासाठी सीपॅनलनं 'एलिव्हेट' नावाचं साधन दिलं. ते आधी नुसती तपासणी करतं: जागा पुरेशी आहे का, अडथळा कुठला आहे? मग कारभाऱ्याचं काही सामान बाजूला काढतं, 'अल्मालिनक्स ८' हा नवा पाया घालतं आणि सामान परत लावतं. या काळात सर्व्हर अनेकदा बंद-चालू होतो, संकेतस्थळं दिसेनाशी होतात. म्हणून हे काम गर्दी नसताना, आधी कळवून करायचं. आणि नव्या पायालाही मुदत आहे हं! अल्मालिनक्स ८ला सुरक्षेच्या दुरुस्त्या २०२९पर्यंतच मिळणार आहेत.

मार्ग कुठलाही घ्या, पहिली पायरी एकच: सगळ्याची दुसरी प्रत! तीही त्याच सर्व्हरवर नको, दुसरीकडे ठेवायची. वाड्याला आग लागली तर वाड्यातली तिजोरी काय कामाची?

तुमच्या घरच्या मोबाइललाही हेच लागू आहे. आई-बाबांना आज एवढंच विचारा: आपल्या फोटोंची दुसरी प्रत कुठं आहे? आणि या फोनला नव्या दुरुस्त्या अजून मिळतात का?