निदान एक तरी गाडी ठेवा!

मार्च २०१४. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या साउथ प्युजेट साउंड कम्युनिटी कॉलेजला क्रायस्लर कंपनीचा निरोप आला : तुमच्याकडची डॉज वायपर ही स्पोर्ट्स कार चिरडून टाका. गाडी १९९२ची, अगदी सुरुवातीच्या मोजक्या वायपरांपैकी एक. शिक्षणसंस्थांना सरावासाठी दिलेल्या सुमारे ९३ वायपरांसाठी हाच आदेश निघाला. विद्यार्थी हळहळले, शौकीन चिडले. तंत्रज्ञान इतकं पुढे गेलंय की या गाड्यांतून आता शिकण्यासारखं काही उरलं नाही, असं कंपनीचं म्हणणं होतं.

असे आदेश देणाऱ्या कंपन्यांची खरी भीती वेगळी असते, विशेषतः प्रोटोटाइपच्या बाबतीत. प्रोटोटाइप म्हणजे चाचणीसाठी जुळवलेली गाडी. तिचे सुटे भाग बाजारात आलेल्या गाडीला बसतीलच असं नाही आणि बरेचदा तिच्याकडे सुरक्षेचं किंवा प्रदूषणाचं प्रमाणपत्रही नसतं. अशी गाडी कुणी रस्त्यावर काढली आणि अपघात झाला, तर कोर्टाची पायरी कंपनीलाच चढावी लागते. शिवाय तात्पुरत्या सवलतीत परदेशातून आणलेली चाचणीची गाडी अमेरिकेत ठराविक मुदतीनंतर परत पाठवावी लागते किंवा नष्ट करावी लागते. गोदामाचं भाडं वेगळंच.

म्हणून सरसकट सगळं जपा, हा हट्ट टिकत नाही. ब्रेक किंवा गिअरबॉक्स तपासण्यासाठी दुसऱ्याच गाडीच्या सांगाड्यावर बेतलेली ठिगळाची गाडी भंगारात गेली, तर इतिहासाचं फारसं बिघडत नाही. बिघडतं ते एकही न उरल्यावर.

१९८३ची कॉर्व्हेट ही स्पोर्ट्स कार थोडक्यात वाचली. नव्या पिढीचं उत्पादन लांबलं आणि त्या वर्षाचं मॉडेल विक्रीला आलंच नाही. चाचणीसाठी बनलेल्या ४३ गाड्यांपैकी एक सोडून बाकी सगळ्या नष्ट झाल्या. उरलेली पांढरी गाडी आज केंटकीतल्या बोलिंग ग्रीनच्या कॉर्व्हेट संग्रहालयात आहे.

जॅग्वारच्या एक्सजे १३चीही एकच प्रत होती. ल मॉंच्या शर्यतीसाठी १९६६ मध्ये तयार झालेली ही पाच लिटर, व्ही-१२ इंजिनाची गाडी शर्यतीत कधी उतरलीच नाही. १९७१ मध्ये जाहिरातपटाच्या चित्रीकरणात ती वेगात उलटली. चालक नॉर्मन ड्युइस बचावले, गाडीचा मात्र चुराडा झाला. कंपनीने अवशेष फेकले नाहीत, म्हणून काही वर्षांनी ती पुन्हा उभी राहिली.

जपायचं आणि कायद्याच्या कचाट्यातही सापडायचं नाही, यासाठी मधला रस्ता आहे. जनरल मोटर्सची ईव्ही-१ ही विजेवरची गाडी स्पोर्ट्स कार नव्हती आणि प्रोटोटाइपही नव्हती, पण उदाहरण नेमकं आहे. १९९६ ते ९९ दरम्यान अशा १,११७ गाड्या बनल्या, ग्राहकांना त्या फक्त भाडेकराराने मिळाल्या आणि पुढे बहुतेक सगळ्या चिरडल्या गेल्या. मात्र थोड्या गाड्या चालू होणार नाहीत अशी व्यवस्था करून संग्रहालयांना आणि विद्यापीठांना देण्यात आल्या. गाडी धावली नाही तरी तिची बांधणी अभ्यासता येते.

कॉर्व्हेट संग्रहालयानेच याचा आणखी टोकाचा पुरावा दिला. १२ फेब्रुवारी २०१४ रोजी तिथली जमीन खचली आणि आठ गाड्या खड्ड्यात गेल्या. त्यांत १९९३ची झेडआर-१ स्पायडर ही प्रोटोटाइपही होती. आठपैकी तीन दुरुस्त झाल्या. स्पायडरसह उरलेल्या पाच चेपलेल्या अवस्थेतच मांडून ठेवल्या आणि लोक त्याही बघायला येऊ लागले.

हा प्रश्न आपल्यापासूनही फार लांब नाही. टाटा मोटर्सने मार्च २०१७ मध्ये जिनिव्हात ‘रेसमो’ ही दोन आसनी स्पोर्ट्स कार दाखवली. १.२ लिटर टर्बो इंजिन, १९० पीएस ताकद. पुढे हा प्रकल्प गुंडाळला गेला. अशा प्रकल्पाची एक गाडी, तिचे आराखडे आणि चाचण्यांच्या नोंदी पुण्या-मुंबईतल्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांसाठी खुल्या करायला कंपनीला ना प्रमाणपत्र लागेल, ना नंबरप्लेट.